टोमॅटो संपेपर्यंत

विहीणबाई आल्या त्या दिवशीच त्यांनी जायची वेळ सांगून टाकली. गाडीतून उतरल्या, एका हातात काठी, दुसरा हात लेकीच्या खांद्यावर. मागच्या अंगणात टोमॅटोची रोपं लावणीसाठी मांडून ठेवली होती, तिकडे बघून म्हणाल्या, "हे टोमॅटो लागून संपेपर्यंत माझा गुडघा बरा होईल. ते संपले की मी निघाले."

"अहो, निघायचं काय बोलता? आधी बसा तर खरं," मुकादमबाई म्हणाल्या. तोंडाने असं म्हणाल्या, पण विहीणबाईंचं वाक्य त्यांनी मनात गाठ मारून ठेवलं. टोमॅटो संपेपर्यंत. ठीक आहे. एवढं सोसता येईल.

मुकादमबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बिस्किटाच्या कारखान्यात पॅकिंगच्या खात्यावर त्या मुकादम होत्या. पन्नास बायका त्यांच्या शिट्टीवर उठायच्या-बसायच्या. कारखाना सुटला, शिट्टी गेली, नवरा गेला, नाव मात्र राहिलं. घर बैठं होतं. स्वयंपाकघराच्या मागे तीन पायऱ्या, पायऱ्यांखाली अंगण आणि अंगणाच्या कुंपणाला लागून टोमॅटोचा वाफा. मुलगा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता, सून चष्म्याच्या दुकानात. दोघं सकाळी गेले की संध्याकाळपर्यंत घरावर आणि वाफ्यावर एकट्या मुकादमबाईंचं राज्य. कोणत्या डब्यात काय, कोणत्या खुंटीला काय, कोणी कुठे बसायचं, हे सगळं त्यांनी ठरवलेलं होतं आणि कोणी त्यात बोट घालत नव्हतं.

विहीणबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. त्यांच्या स्वतःच्या मुलाचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि त्या इमारतीला लिफ्ट मुळातच नव्हती. डॉक्टरांनी जिना बंद केला, म्हणून लेकीने त्यांना इकडे आणलं. दोन घरं सोडून सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. तो सायकलवाला कुंपणावरून डोकावून म्हणाला, "जावई लिफ्टवाला आणि सासू जिन्यात अडकली! वहिनी, असं कुठे बघितलंय का?" सगळे हसले. मुकादमबाईही हसल्या. पहिल्या आठवड्यात त्यांना अजून हसू येत होतं.

लावणीच्या दिवशी मुकादमबाईंनी चांगली जाड देठाची रोपं निवडून वाफ्यात लावली. पाच उरली. किडकिडीत, वाकडी, एकाला तर शेंडाच धड नव्हता. कारखान्यात तुटकी बिस्किटं ज्या हाताने बाजूला सारायच्या त्याच हाताने त्यांनी ती बाजूला सारली. विहीणबाई पायरीवर पाय लांब करून बसल्या होत्या. मुकादमबाई म्हणाल्या, "तुम्हाला हवीत का? तेवढाच वेळ जाईल."

"द्या की," विहीणबाई म्हणाल्या, आणि जावयाने गेल्या वर्षी घर रंगवलं तेव्हाचे रंगाचे रिकामे डबे मागून घेतले. जावयाकडून त्यांच्या बुडाला भोकं पाडून घेतली. स्वयंपाकघराची मागची भिंत दिवसभर उन्हाने तापायची, तिला टेकून ते पाच डबे ओळीने मांडले. मुकादमबाईंनी मनात म्हटलं, मांडू देत. डब्यात का कधी टोमॅटो येतात!

तिथेच त्यांचं चुकलं.

विहीणबाई आयुष्यभर पडदे शिवत आल्या होत्या. त्यांच्या पिशवीत नाना रंगांच्या चिंध्या. रोप वाढू लागलं की काठीला चिंधीने बांधायच्या, लहान पोरीच्या वेणीला फीत बांधावी तशी सैलसर. मुकादमबाई सुतळीने करकचून बांधायच्या. बांधलंय तर हलायला कशाला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. विहीणबाई रोज सकाळी प्रत्येक डब्यात मोजून तांब्याभर पाणी घालायच्या. मुकादमबाईंना आठवण झाली की नळी सोडून वाफ्याचं तळं करायच्या, मग चार दिवस बघायच्या नाहीत. विहीणबाई दुपारी फुलं उमलली की टिचकी मारत बसायच्या, एकेका फुलाला एकेक.

"हे काय चाललंय?" मुकादमबाईंनी विचारलं.

"फूल हललं की फळ धरतं."

"आमची वाऱ्याने हलतात. वाऱ्याला कामाला लावलंय आम्ही."

सगळ्यात वाईट म्हणजे फुटव्यांचं. फांदी आणि खोड यांच्या बगलेत जो नवा फुटवा येतो तो विहीणबाई नखाने मोडून टाकायच्या. मुकादमबाईंना बघवेना. "अहो, चांगली वाढणारी फांदी मोडता? पोरकं करताय की रोपाला!"

"पोरकं कसलं? जास्तीची तोंडं कमी करतेय. आहेत त्यांना तरी पोटभर मिळेल." आणि हसून पुढे म्हणाल्या, "तुमच्याही रोपांचे मोडू का? बसल्या बसल्या होईल."

"माझ्या वाफ्याला हात लावायचा नाही," मुकादमबाई म्हणाल्या. आवाज जरा चढलाच. मग सावरून म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या गुडघ्याला त्रास नको म्हणून."

वाफ्याचं रान झालं. पानंच पानं. आत हात घालायचा तर बांगडी अडकायची. टोमॅटो लागले, पण लहान, आणि कितीतरी फळांच्या बुडाला काळा डाग. भिंतीकडचे पाच डबे मात्र देवळातल्या समया उजळाव्यात तसे दिसत होते. एकेका काठीला खालपासून वरपर्यंत लाल गोळे आणि मधूनमधून रंगीत चिंध्यांच्या गाठी.

सायकलवाला आता कुंपणाशी यायचा तो वाफ्याकडे बघायचाच नाही. "मावशी, तुमच्या डब्यातला एक द्या ना. मिठाबरोबर खातो."

"घ्या की, भाऊ. तो वरचा घ्या, पिकलाय."

इतकी वर्षं हाच माणूस मुकादमबाईंच्या हातून टोमॅटो घेऊन खात होता. त्याला 'तुमच्यासारखे टोमॅटो गावात नाहीत' म्हणायची सवय होती. आता तेच वाक्य, तेच शब्द, तोंड तेवढं दुसरीकडे फिरलेलं. मुकादमबाई आत गेल्या आणि उगाचच भांडी घासायला घेतली. स्वच्छच होती ती.

संध्याकाळी जेवायला बसले की मुलगा विचारायचा, "आज कुठले?" म्हणजे टोमॅटो कुठले, वाफ्यातले की डब्यातले. डब्यातले म्हटलं की दोन फोडी जास्त घ्यायचा. एकदा म्हणाला, "मावशी, तुमच्या हाताला काहीतरी आहे बुवा." मुकादमबाईंनी त्याला लहानपणापासून भरवलं होतं. त्यांच्या हाताला काय आहे, हे त्याने कधी सांगितलं नव्हतं.

आणि सून. सून दोघींनाही आई म्हणायची. त्याचं मुकादमबाईंना एकेकाळी मोठं कौतुक होतं. सगळ्यांना सांगायच्या, आमची सून सासूबाई म्हणत नाही, आई म्हणते. पण आता दोन आया एका छपराखाली आल्यावर फरक कानाला कळायला लागला. एका आईला 'तुम्ही' होतं आणि एका आईला 'तू'. "आई, तुम्ही जेवलात?" आणि लगेच पलीकडे वळून, "आई, तू पुन्हा खाली बसलीस का? ऊठ आधी!" त्या रागावण्यात जे होतं, ते मुकादमबाईंच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. आपल्यावर कोणी असं रागवावं, असं आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं आणि आपलाच राग आला. दुकानातून आली की सून चप्पलही न काढता मागच्या पायरीवर जाऊन बसायची. मायलेकी पाय लांब करून खुसुखुसू हसायच्या. स्वयंपाकघरात मुकादमबाई चहा उकळत ठेवायच्या, इतका उकळायचा की काळा पडायचा.

एका दुपारी विहीणबाई आत झोपल्या होत्या. मुकादमबाई मागे गेल्या. आजूबाजूला बघितलं. स्वतःच्याच अंगणात चोरासारखं बघावं लागलं, याचा आणखी संताप. तिसऱ्या डब्यातला एक टोमॅटो तोडला आणि भिंतीकडे तोंड करून खाल्ला. त्यांना तो पाणचट लागायला हवा होता. निदान आंबट. निदान साल तरी जाड निघावी. डोळे मिटून, जिभेवर घोळवून त्यांनी खोट शोधली, कारखान्यात नव्या पोरीने बांधलेल्या पुड्यात शोधायच्या तशी.

मेला गोड होता. उन्हाने कोमट झालेला आणि गोड.

देठ त्यांनी वाफ्यात खोल पुरला आणि हात धुतले. संध्याकाळी विहीणबाई पायरीवरून सहज म्हणाल्या, "तिसऱ्या डब्यातला एक गेलेला दिसतोय."

"पाखरं असतील," मुकादमबाई म्हणाल्या.

"हो. देठासकट नेतात हल्ली पाखरं."

त्या रात्री मुकादमबाईंना धड झोप लागली नाही.

त्यांना आता एकच आधार होता: हंगाम. कितीही गोड असले तरी थंडी कोणाची नसते. सकाळी अंगणात पाय गार पडू लागले, पानांच्या कडा पिवळ्या झाल्या, तशा मुकादमबाई खुलल्या. कधी नव्हे ते गुणगुणायला लागल्या. आणखी पंधरा दिवस, फार तर तीन आठवडे. मग विहीणबाईंची पिशवी भरायची, गाडी बोलवायची, आणि घर परत आपलं. त्यांनी निरोपाच्या दिवशी काय स्वयंपाक करायचा हेही ठरवून टाकलं. निरोप चांगलाच द्यायचा होता. त्यात त्या कमी पडणार नव्हत्या.

एका संध्याकाळी मुलगा म्हणाला, "आज रात्री पारा बराच उतरणार म्हणतात. मावशी, डबे आत घेऊ या का?"

मुकादमबाईंच्या हातातला डाव थांबला. डबे आत! ही गोष्ट त्यांच्या लक्षातच आली नव्हती. वाफा उचलून आत आणता येत नाही, डबा येतो. मुलाने एकेक डबा कवेत धरून पुढच्या खोलीत, खिडकीखाली नेऊन ठेवला. तिथे मुकादमबाईंची खुर्ची असायची. खुर्ची भिंतीकडे सरकली. पाचही रोपं खिडकीत दिमाखात उभी राहिली आणि रस्त्यावरून जाणारे येणारे बघून हसू लागले.

"आता हे आणखी महिनाभर तरी देतील," विहीणबाई समाधानाने म्हणाल्या.

मुकादमबाईंनी सकाळी उठून कोणाला काही न सांगता अंगणातला वाफा उपटायला घेतला. हंगाम संपला म्हणजे संपला, हे घराला दाखवायचं होतं. आपणच इथे हंगाम ठरवतो, दुसरं कोणी नाही. सुतळ्या कापल्या, एकेक रोप मुळासकट ओढलं आणि कोपऱ्यात ढीग लावला. इतक्या वर्षांत त्यांनी वाफा असा कधी उपटला नव्हता; शेवटचं फळ पिकेपर्यंत वाट बघायच्या. या वेळी रोपांवर हिरवे टोमॅटो तसेच लगडलेले होते. त्या रानात इतके लपले असतील, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

काठीचा टकटक आवाज आला. विहीणबाई तीनही पायऱ्या उतरून आल्या होत्या. "अहो! या हिरव्यांचं काय करणार?"

"काय करायचंय? फेकणार. हंगाम संपला."

"फेकताय कसले! थांबा, थांबा. मला एक पाट द्या बसायला."

आणि मुकादमबाईंच्या डोळ्यांदेखत त्यांनी बसल्या जागी ढिगातला एकेक टोमॅटो तोडायला घेतला. ज्याला चीर किंवा डाग तो बाजूला, धड तो पदरात. संध्याकाळी सुनेने जुनी वर्तमानपत्रं आणली. मायलेकींनी एकेक टोमॅटो कागदात गुंडाळला, बाळाला दुपट्यात गुंडाळावं तसा. मग ठेवायचे कुठे? अंधारी, कोरडी जागा हवी. मुलाने उत्साहाने मुकादमबाईंच्या खोलीतल्या कपाटाचे खालचे तीन खण रिकामे करून दिले. नवऱ्याचे जुने स्वेटर होते त्यात, ते खाटेखाली गेले. प्रत्येक खणात सुनेने एकेक पिकलं केळं ठेवलं.

"केळं कशाला?" मुकादमबाईंनी विचारलं.

"पिकलेल्या फळाच्या वासाने कच्ची पिकतात," विहीणबाई म्हणाल्या. "रोज थोडे थोडे निघतील. बघाल तुम्ही, घरात टोमॅटोला तोटा नाही."

मुकादमबाईंनी खणांकडे बघितलं. स्वतःच्या हाताने उपटलेला वाफा, स्वतःच्या कपाटात, स्वतःच्या खाटेशेजारी, रोज थोडा थोडा पिकणार होता. आणि तो संपेपर्यंत ती बाई इथून हलणार नव्हती.

मग त्यांनी खायला सुरुवात केली.

सकाळी पावाबरोबर टोमॅटो. दुपारी भाजीत टोमॅटो, वर कच्च्या फोडी. चार वाजता टोमॅटोचं सूप. रात्री अंडी परतली तरी त्यात अर्धी टोपली टोमॅटो. सायकलवाल्याला पिशवी भरून दिले. दूधवाल्याला दिले, शेजारच्या शिंपिणीला दिले, रस्ता झाडणाऱ्या बाईला थांबवून दिले. तरी खण उघडला की कागदाखालून नवे लाल गाल बाहेर. विहीणबाई रोज सकाळी त्यांच्या खोलीत यायच्या, खाली वाकून कागदावरूनच बोटाने चाचपायच्या, आणि मऊ लागेल तो काढून द्यायच्या. "आज सात निघाले हो!"

"वा," मुकादमबाई म्हणायच्या.

आठवड्याभरात त्यांचं तोंड आलं. जिभेला फोड, गालाला आतून फोड. पाणी पिताना डोळ्यांत पाणी यायचं. तरी पुढ्यातल्या फोडी त्या संपवायच्या.

"आई, तुम्हाला टोमॅटो इतके आवडतात हे मला माहीतच नव्हतं," सून म्हणाली.

मुलगा म्हणाला, "आई, तोंड आलंय ना तुझं? मग कशाला खातेस?"

"वाया जायला नकोत," मुकादमबाई बोबड्या आवाजात म्हणाल्या.

विहीणबाईंनी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तुपाची वाटी आणून मुकादमबाईंच्या खाटेशी ठेवली. "फोडांना लावा. आणि सावकाश खा. मी कुठे पळून जातेय का टोमॅटो घेऊन?"

मुकादमबाईंनी तूप लावलं नाही. दोन दिवस लावलं नाही. तिसऱ्या दिवशी लावलं, तेही दार लावून.

त्याच सुमाराला सायकलच्या दुकानावरून जाताना सायकलवाल्याने त्यांना हाक मारली. "वहिनी, तुमच्या सूनबाईंनी ती मागची खोली बघितली बरं का. पसंत पडली. येत्या महिन्यापासून म्हणाल्या."

"कसली खोली?"

त्याने जीभ चावली. "म्हणजे... तुम्हाला सांगितलं नाही? मावशींसाठी. मुलाकडे तिसरा मजला, एकदा वर गेल्या की खाली उतरणं नाही. म्हणून इथेच बघतायत, जवळ. खोली जमिनीलगत आहे, पायऱ्या नाहीत."

मुकादमबाईंच्या काळजावरून ओझंच उतरलं. म्हणजे निघणार! टोमॅटो संपले काय, न संपले काय. "बघू तरी कशी आहे," त्या म्हणाल्या. आवाजात तरतरी होती.

दुकानातून मागे गेलं की खोली होती. स्वच्छ, पांढरी. मोठी खिडकी. खिडकीबाहेर अंगणाचा उघडा तुकडा, मुकादमबाईंच्या वाफ्याच्या दुप्पट तरी असेल. दिवसभर ऊन. सायकलवाल्याने चपलेने माती उकरून दाखवली. "कसली काळी आहे बघा. मावशी म्हणाल्या, इथे चाळीस रोपं बसतील."

"चाळीस?"

"हो. आणि तुमचा मुलगा म्हणाला, मी कामावरून येताना रोज इथेच चहा घेईन, मावशी एकट्या नकोत. सूनबाई तर दुकानातून सुटल्या की आधी इकडेच. मला काय, माझ्या दुकानाला सोबत!"

मुकादमबाई खिडकीशी उभ्या राहिल्या. त्यांना सगळं दिसलं. संध्याकाळी मुलाचे बूट या दाराशी. सुनेची पर्स या खुंटीला. चाळीस रोपं चिंध्या बांधून डोलतायत आणि तिघं त्यांच्यामध्ये बसून खुसुखुसू हसतायत. दोन घरं पलीकडे, आपल्या स्वयंपाकघरात हसण्याचा आवाज तेवढा येतोय, आणि चहा तीन कपांचा उकळून काळा पडलाय. मुलगा आठ वाजता येणार आणि म्हणणार, आई, मी जेवून आलो.

ती बाई घरात होती तोवर निदान डोळ्यांसमोर तरी होती. कोण कधी हसलं, किती हसलं, हे तरी कळत होतं.

"खोली ओलसर आहे," त्या म्हणाल्या.

"अहो, कोरडी ठणठणीत आहे!"

"मला वास येतोय." आणि त्या तरातरा घरी निघाल्या.

विहीणबाई मुकादमबाईंच्याच खोलीत, कपाटासमोर पाटावर बसल्या होत्या. शेवटचा खण उघडा होता. कागद घड्या घालून बाजूला ठेवले होते आणि मांडीवर उरलेले टोमॅटो, मूठभरच. खिडकीतले डबेही आता सुकत चालले होते. शेजारी त्यांची पिशवी, अर्धी भरलेली.

"हे एवढेच राहिले," विहीणबाई म्हणाल्या. "जिंकलात तुम्ही. तोंड सोलून घेतलंत, पण संपवलेत."

मुकादमबाई दारातच थांबल्या. बोलायचं ठरवून आल्या होत्या ते सगळं विसरल्या. "मी कुठे... मी असं काही..."

"अहो, माझा गुडघा गेलाय, डोळे नाही गेलेले." विहीणबाईंनी एक टोमॅटो पुसला. "मी तुमच्या जागी असते तर डबे आत येऊच दिले नसते. रात्री बाहेर विसरले म्हणाले असते."

मुकादमबाई खाटेवर बसल्या. ही युक्ती त्यांना सुचलीच नव्हती. "सायकलवाल्याची खोली बघून आले मी," त्या म्हणाल्या. "चाळीस रोपं लावणार आहात म्हणे."

"तो म्हणाला चाळीस. मी म्हणाले, बघू."

"माझा मुलगा तिथे चहाला येणार. सून तिथे बसणार. मी इथे काय करायचं? भिंतींना शिट्टी मारायची?"

विहीणबाई हसल्या नाहीत. मुकादमबाईंना वाटलं होतं हसतील. "मी लेक तुमच्याकडे दिली," त्या म्हणाल्या, "तेव्हा ती माझ्यासारखी चालायची, माझ्यासारखी बोलायची. इथे आले तर बघते, भांडं ठेवते तेही तुमच्यासारखं आपटून. रुमालाची घडी घालते तुमच्यासारखी. मीठ टाकताना तुमच्यासारखी मान वाकडी करते. मला फोनवर म्हणायची, 'आमच्या आई असं करतात, आमच्या आई तसं करतात.' आमच्या आई! सहा महिने मी त्या पायरीवर का बसले असेन? पाठीला कळ लागायची. पण तिने दुकानातून आल्यावर आधी माझ्याकडे यावं, म्हणून टोमॅटो लाल करत बसले. तेवढंच होतं माझ्याकडे."

मुकादमबाईंच्या पोटात काहीतरी गरम, गोड उतरलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. कोणीतरी त्यांच्यावर जळत होतं. आणि कोण, तर ही! त्यांना अगदी सविस्तर ऐकायचं होतं.

"मान वाकडी करते?" त्या म्हणाल्या.

"अश्शी." विहीणबाईंनी करून दाखवलं.

"मी अशी करते?"

"गेले सहा महिने बघतेय. अंगाची आग होते नुसती."

मुकादमबाईंनी पदराने तोंड पुसलं, हसू लपवायला. मग एकदम मुकादमाच्या आवाजात म्हणाल्या, "ती खोली ओलसर आहे. तुमचा गुडघा आखडेल तिथे."

"जावई म्हणाले कोरडी आहे."

"त्याला लिफ्टमधलं कळतं, खोलीतलं नाही. आणि तिथे जाऊन तुम्ही दरबार भरवणार, ते मला चालायचं नाही. इथेच राहा. माझ्या डोळ्यांसमोर."

"राहा म्हणताय की नजरकैदेत ठेवताय?"

"काय समजायचं ते समजा. पण एक सांगते, माझी खुर्ची खिडकीत परत जायची."

"आणि संध्याकाळी लेक आली की तासभर पायरीवर माझी," विहीणबाई म्हणाल्या.

"अर्धा तास."

"मग मी ओलसर खोली बघते."

"पाऊण," मुकादमबाई म्हणाल्या. "आणि मधल्या चहाला मी येऊन बसणार."

विहीणबाईंनी पिशवीतून दोन लुगडी बाहेर काढली आणि परत खुंटीला टांगली. मांडीवरचे टोमॅटो त्यांनी मुकादमबाईंपुढे धरले. मुकादमबाईंनी दोन्ही हात वर केले. "नको! मेले आता डोळ्यांसमोरही नकोत."

संध्याकाळी सून घरी आली आणि तिला खोलीचं रद्द झाल्याचं कळलं तेव्हा ती आधी नवऱ्याकडे, मग आईकडे, मग सासूकडे बघत राहिली. तिला काहीच समजलं नाही. तिला कोणी सांगितलंही नाही. सायकलवाला मात्र पुढे कित्येक दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला आपल्या खोलीची भिंत हाताने दाबून दाखवत होता, की बघा, ओल कुठे आहे सांगा.

थंडी सरली तशी मुकादमबाई कुदळ घेऊन अंगणात उतरल्या. वाफा खणून मोकळा केला. मग कुदळीच्या टोकाने वाफ्याच्या मधोमध या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ ओढली.

"भिंतीकडची बाजू तुमची, कुंपणाकडची माझी. माझ्या बाजूला एकही फुटवा मोडायचा नाही."

विहीणबाई पायरीवर उभ्या होत्या, काठीशिवाय. मान तिरकी करून त्यांनी रेघेकडे बघितलं. "तिरकी आहे."

"कुठे तिरकी?"

"तिकडे कोपऱ्याला माझ्यात शिरलीय. पडदे शिवलेत मी जन्मभर, मला तिरकं लगेच दिसतं."

मुकादमबाईंनी रेघेकडे बघितलं. मागे सरकून बघितलं. एक डोळा मिटून बघितलं. रेघ तिरकी होती, चांगली हातभर. त्यांनी पायाने माती पुसली आणि कोपऱ्यात रेघ मागे घेतली.

बोटभर.